चावा लपवू नका!
(आरोग्य आणि अर्थ)

गेल्या कोजागिरीला मंडळाच्या कार्यक्रमात मसाला दूध पिता पिता माझ्या सासूबाईंना कुत्रा चावल्याची हकीकत मी दोघीतिघींना सांगितली. बघता बघता भोवती घोळका जमला आणि प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. "पोलिसांना कशाला कळवलंत?" "मग त्या कुत्र्याला मारून टाकलं का हो?" "चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली का?" आणि शेवटी, आवाज खाली आणून, "बिल किती आलं?" आपल्यापैकी बऱ्याच जणांना हे प्रश्न पडत असावेत असे वाटले, म्हणून हा लेखप्रपंच.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कॅरीत राहून हिशेबनीसाची नोकरी करणारी एक गृहिणी आहे. पण या एका प्रसंगात जे शिकले आणि नंतर जे वाचून, विचारून पक्के करून घेतले, ते इथे मांडत आहे.

काय घडले?

सासूबाई मिरजेहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. उन्हाळ्याचे दिवस. संध्याकाळी आमच्या घरामागच्या ग्रीनवेवर त्या फिरायला जात आणि बाकावर बसत. मिरजेला गल्लीतल्या कुत्र्याला रात्रीची उरलेली भाकरी घालायची त्यांची चाळीस वर्षांची सवय. इथे एक तपकिरी कुत्रा त्यांच्याजवळ येऊ लागला. गळ्यात पट्टा नाही, बरोबर माणूस नाही. त्यांनी पर्समधली पार्ले-जीची बिस्किटे काढली. दोन दिवस दोस्ती छान जमली. तिसऱ्या दिवशी, सोमवारी, पुडा उघडायला वेळ लागला म्हणून त्याने झेप घेतली आणि त्याचा दात सासूबाईंच्या पोटरीला लागला.

घरी येऊन त्या कोणाला एक अक्षर बोलल्या नाहीत. मंगळवारी सकाळी त्यांच्या पांढऱ्या मोज्यावर मला पिवळा डाग दिसला.

"आई, पायाला काय झालं?"

"काही नाही गं, जरा खरचटलंय. हळद लावलीय."

मोजा खाली केला तर दाताच्या दोन खुणा. मग खरी गोष्ट बाहेर आली. मी विचारले, "अहो, काल का नाही सांगितलंत?" त्या म्हणाल्या, "इथं डॉक्टरच्या दारात पाऊल टाकलं की शेकडो डॉलर जातात, असं तुम्हीच फोनवर सांगता ना? उगीच तुम्हाला खर्चात कशाला घालू?"

वाचकहो, हा लेख खरे तर या एका वाक्यासाठी आहे. आपले आईवडील आपला खर्च वाचवायला जखम लपवतात. म्हणून ते इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांना स्पष्ट सांगून ठेवा: कुत्रा, मांजर, वटवाघूळ, काहीही चावले किंवा ओरबाडले, तर त्याच क्षणी सांगायचे. पैशाचे आम्ही बघू.

पहिली पंधरा मिनिटे

चावल्यावर सगळ्यात पहिले आणि सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे साबण आणि पाणी. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबण लावून घड्याळ बघून पंधरा मिनिटे जखम धुवायची. रेबीजचा विषाणू जखमेतच कमी करण्याचा हा उत्तम उपाय आहे. हळद, चुना, तिखट, तेल यांतले काहीही लावायचे नाही. त्यांनी जखम चिघळते आणि विषाणू तर मरत नाही. उशीर झाला असला तरी धुवायचेच. आम्ही मंगळवारी सकाळी आधी हळद धुऊन काढली आणि मग अर्जंट केअर गाठले.

तिथल्या डॉक्टरांनी जखम साफ केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, अँटिबायोटिक दिले आणि एकच प्रश्न विचारला: "कुत्रा सापडला आहे का?"

पुढचे सगळे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. कारण असे. रेबीजचा विषाणू जखमेतून नसांच्या वाटेने मेंदूकडे जातो आणि मेंदूत पोहोचल्यावर मग लाळेत उतरतो. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला की तो थोड्याच दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. म्हणजे चावल्यानंतर दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला, तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता हे सिद्ध होते. मग माणसाला रेबीजच्या लशीची गरज उरत नाही. हा दहा दिवसांचा नियम कुत्रा, मांजर आणि फेरेट एवढ्यांनाच लागू आहे. रॅकून, कोल्हा, वटवाघूळ यांच्या बाबतीत वाट बघत बसायचे नसते.

कुत्रा सापडलाच नाही, तर डॉक्टर आणि आरोग्य खाते मिळून लस द्यायची की नाही ते ठरवतात. आम्हाला डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत कुत्रा मिळाला नाही तर लस सुरू करू. तुम्ही ताबडतोब अ‍ॅनिमल कंट्रोलला फोन करा."

फोन करावा की नाही?

आमच्या घरात इथे मतभेद झाला. यजमानांचे म्हणणे, आई व्हिसावर आलेली, पोलिसांच्या कागदावर तिचे नाव कशाला? सासूबाईंचे म्हणणे, माझ्यामुळे त्या मुक्या जनावराला मारतील, ते पाप मला नको.

दोन्ही शंका चुकीच्या होत्या. नॉर्थ कॅरोलायनाच्या कायद्याने कुत्रा चावला की चावलेल्या माणसाने आणि कुत्र्याच्या मालकाने, दोघांनीही, स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याला लगेच कळवणे बंधनकारक आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही चोवीस तासांत कळवायचे असते. हा गुन्ह्याचा नव्हे, सार्वजनिक आरोग्याचा कागद आहे. ज्याला चावले तो आरोपी नसतो. आणि कुत्र्याबद्दल म्हणाल, तर कळवल्यामुळे निरोगी कुत्रा वाचतो. कारण दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येते. मी फोन केला.

ही कोण मंडळी?

अ‍ॅनिमल कंट्रोल ऑफिसर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोखंडी चिमटा घेतलेला म्युनिसिपालिटीचा कुत्रेवाला येतो. इथेही पूर्वी यांना 'डॉगकॅचर' म्हणत आणि त्या शब्दात आदर नव्हता. आता ते एक शिकून करायचे काम झाले आहे. १९७८ मध्ये यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हापासून रीतसर प्रशिक्षण मिळते. कॅरीत हे काम पोलीस खात्याकडे आहे. पकडलेली जनावरे वेक काउंटीच्या रॅलेतल्या अ‍ॅनिमल सेंटरमध्ये ठेवली जातात.

त्यांच्या कामाचे मुख्य भाग असे:

१. मोकाट फिरणारा कुत्रा पकडणे. कॅरीत आपल्या आवाराबाहेर कुत्रा पट्ट्याला बांधूनच न्यावा लागतो. राज्याच्या कायद्याप्रमाणे सहा महिन्यांवरचा कुत्रा रात्रीच्या वेळी सोबतीला माणूस नसताना मोकळा सोडता येत नाही.

२. त्याचे घर शोधणे. गळ्यातला बिल्ला, कातडीखालची मायक्रोचिप, हरवल्याच्या तक्रारी, शेजारीपाजारी, या सगळ्यांतून मालकाचा माग काढतात. मालक मिळाला नाही तर कुत्रा शेल्टरमध्ये जातो. तिथे तो कायद्याने निदान ७२ तास मालकाची वाट पाहत ठेवावाच लागतो. त्यानंतर तो दुसऱ्या कोणाला दत्तक देता येतो.

३. रेबीजवर पहारा. या राज्यात चार महिन्यांच्या वरच्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला रेबीजची लस सक्तीची आहे. ती दिली आहे का हे बघणे आणि चावलेल्या जनावराला दहा दिवस बंदोबस्तात ठेवणे हे यांचे काम. लस स्वस्तात मिळावी म्हणून प्रत्येक काउंटीत वर्षातून निदान एक लसीकरण शिबीर भरवावे, असाही कायदा आहे.

४. जनावरांचा छळ थांबवणे. उन्हात बंद मोटारीत तडफडणारा कुत्रा दिसला तर गाडी फोडून त्याला बाहेर काढण्याचा अधिकार २०१३ च्या कायद्याने या अधिकाऱ्यांना, पोलिसांना आणि अग्निशामक दलाला दिला आहे. आपण स्वतः काच फोडायची नाही, फोन करायचा.

५. धोकादायक कुत्र्यांची चौकशी. माणसाला गंभीर इजा करणाऱ्या कुत्र्याला कायद्याने 'धोकादायक' ठरवता येते. मग त्याच्या मालकावर जास्तीची बंधने येतात आणि पुढच्या नुकसानीची जबाबदारी थेट त्याच्यावर पडते.

आपल्या बागेत हरिण शिरले किंवा खारीने टोमॅटो खाल्ले म्हणून मात्र यांना बोलावू नये. रानटी जनावरांचे खाते वेगळे. पण दिवसाढवळ्या झिंगल्यासारखा फिरणारा रॅकून किंवा झोपण्याच्या खोलीत सापडलेले वटवाघूळ असेल, तर जरूर कळवावे. वटवाघळाचा चावा इतका बारीक असतो की झोपलेल्या माणसाला कळतही नाही. त्याला मारून डोके ठेचू नये, कारण रेबीजची तपासणी मेंदूवरच होते.

आमच्याकडे आलेली ऑफिसर

दुपारी खाकी शर्टातली एक तरुण बाई दारात उभी. सासूबाईंना वाटले होते, कोणी आडदांड माणूस दांडके घेऊन येईल. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने विचारायला सुरुवात केली. किती वाजता? नेमक्या कुठल्या बाकाजवळ? रंग, उंची, कान उभे की पडलेले? तुम्ही त्याला खायला देत होतात का? तो लंगडत होता का, तोंडातून लाळ गळत होती का? मी दुभाष्याचे काम करत होते. सगळे लिहून घेऊन तिने नोंदीचा क्रमांक दिला. शेवटी तिने सहज विचारले, "आजींना काल का नाही कळवावंसं वाटलं?" मी प्रश्न मराठीत सांगितला. सासूबाई खाली बघत राहिल्या.

त्या रात्री त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्या नऊ-दहा वर्षांच्या असताना त्यांच्या वाड्यात एक बारा वर्षांचा मुलगा होता. रस्त्यावरच्या पिल्लाशी खेळताना ते त्याच्या हाताला चावले. तेव्हा पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत आणि त्या मुलाचे वडील फार कडक. त्याने हात सदऱ्याच्या बाहीत लपवला. त्यानंतर दोनेक महिन्यांनी त्याला पाणी गिळता येईना. तो वाचला नाही.

"मला माहीत होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "त्यानं मला शपथ घातली होती, कुणाला सांगू नको म्हणून. मी नाही सांगितलं. आज त्या पोरीनं विचारलं आणि मला माझीच लाज वाटली."

मला काय बोलावे सुचले नाही. साठ वर्षांपेक्षा जास्त काळ ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितलेली नव्हती.

रेबीजचे हेच भयंकर आहे. चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण एक ते तीन महिने जातात, कधी कमी, कधी जास्त. तेवढ्या काळात लस घेतली तर माणूस जवळजवळ नक्की वाचतो. लक्षणे दिसू लागली की जवळजवळ कोणीच वाचत नाही. आणि ती चौदा इंजेक्शने आता इतिहासजमा झाली आहेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बनवणे बंद झाले. आताची लस दंडात देतात, फ्ल्यूच्या लशीसारखीच. अमेरिकेत पहिल्यांदा घेणाऱ्याला चार डोस असतात: पहिला दिवस, मग तिसरा, सातवा आणि चौदावा. बरोबर पहिल्या दिवशी जखमेत इम्यून ग्लोब्युलिन देतात. ज्यांनी पूर्वी लस घेतली आहे त्यांना दोनच डोस पुरतात.

कुत्रा सापडला

बुधवारी सकाळी त्याच ऑफिसरचा फोन आला. शेजारच्या सबडिव्हिजनमधल्या दुकानांच्या मागे कुत्रा मिळाला होता. अंगात मायक्रोचिप होती, पण चिपवर नोंदवलेला फोन नंबर बंद झालेला. चिप बसवणाऱ्या पशुवैद्याला गाठून दुपारपर्यंत मालकाचा शोध लागला. एकटे राहणारे एक वृद्ध गृहस्थ. ते शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर इस्पितळात होते आणि कुत्र्याला बघणाऱ्याकडून कुंपणाचे दार उघडे राहिले. रेबीजच्या लशीची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. म्हणून कुत्र्याला घरी न ठेवता अ‍ॅनिमल सेंटरमध्येच दहा दिवस ठेवायचे ठरले.

ते दहा दिवस आमच्या घरात सुतक असल्यासारखे गेले. सासूबाई रोज सकाळी विचारायच्या, "कुत्रं जेवलं का गं?" एकदोनदा मी फोन केला, मग मला संकोच वाटू लागला. पण तिकडची माणसे न कंटाळता सांगत, जेवला, चालतोय, शेपूट हलवतोय. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी दहा दिवस भरले आणि कुत्रा लस घेऊन आपल्या घरी गेला. सासूबाईंना रेबीजची एकही सुई टोचावी लागली नाही. त्यांनी त्या गृहस्थांसाठी रव्याचे लाडू पाठवले.

तिथले कुत्रे, इथले कुत्रे

लोक विचारतात, इथे रस्त्यावर कुत्रे दिसत नाहीत, मग आपल्याकडेच का? अमेरिकेतली पद्धत मालकावर उभी आहे. प्रत्येक कुत्र्याला कोणीतरी जबाबदार माणूस आहे असे कायदा धरून चालतो. सक्तीची लस, पट्टा आणि अ‍ॅनिमल कंट्रोल यांच्या जोरावर कुत्र्यांमधून पसरणारा रेबीजचा प्रकार या देशातून गेल्याचे सीडीसीने २००७ मध्ये जाहीर केले. रॅकून आणि वटवाघळांमधला रेबीज मात्र अजून आहे, आपल्या राज्यातही आहे. म्हणून पाळीव कुत्र्यांची लस सुटत नाही.

पण या पद्धतीचीही एक काळी बाजू आहे. ज्यांना घर मिळत नाही अशी जनावरे शेल्टरमध्ये मारली जात आली आहेत. एएसपीसीए या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्येसुद्धा देशभरात सुमारे ९ लाख २० हजार कुत्री-मांजरे अशी गेली. हा आकडा पूर्वीच्या मानाने खूपच कमी आहे, आणि तो खाली आला तो मुख्यतः शस्त्रक्रियेने वीण थांबवल्यामुळे आणि दत्तक देण्यामुळे. सासूबाईंची भीती अगदीच निराधार नव्हती, हे कबूल करायला हवे.

आपल्याकडचा वाद तर फार जुना आहे. मुंबईत जून १८३२ मध्ये इंग्रजांनी मोकाट कुत्री मारायची मोहीम काढली, तेव्हा पारशी मंडळींनी मोठी दंगल केली होती. पुढे अनेक वर्षे कुत्री मारली गेली, तरी रस्ते रिकामे झाले नाहीत. उघड्यावरचा कचरा आणि खाणे जिथे आहे, तिथे एक टोळी गेली की दुसरी येते. म्हणून भारतात २००१ च्या नियमांनी आणि नंतर २०२३ च्या नियमांनी दुसरा मार्ग धरला: पकडा, नसबंदी करा, लस द्या, ओळखीसाठी कानाला खूण करा आणि त्याच जागी सोडा. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातली कुत्री शेल्टरमध्ये न्यायला सांगितले. नंतर त्याच महिन्यात मोठ्या पीठाने त्यात बदल केला: नसबंदी आणि लस झालेली कुत्री परत सोडावीत, रेबीज झालेली किंवा हिंस्र कुत्री सोडू नयेत आणि खायला घालायच्या जागा ठरवून द्याव्यात.

चांगले उदाहरण हवे तर आपल्या शेजारी गोव्याचे बघा. तिथे गावोगाव, वाड्यावाड्यांवर जाऊन दरवर्षी कुत्र्यांना लस दिली गेली आणि २०२१ मध्ये गोव्याला रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर करण्यात आले. सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे काम करायला प्रशिक्षित माणसे, गाडी, लस आणि पगार लागतो. नुसती दया आणि नुसता राग, दोन्हींनी ते होत नाही.

आता पैशाची बाजू

अमेरिकेत रेबीजच्या संपूर्ण उपचाराचे बिल हजारो डॉलरमध्ये जाते. त्यातला मोठा वाटा इम्यून ग्लोब्युलिनचा. ते वजनाप्रमाणे द्यावे लागते, म्हणजे माणूस जितका वजनदार तितके बिल वजनदार! कुत्रा सापडला की हा खर्च बहुतेक वेळा पूर्ण टळतो. अ‍ॅनिमल कंट्रोलला केलेला एक फोन हीच मोठी बचत.

पाहुण्या आईवडिलांचा विमा: 'फिक्स्ड बेनिफिट' पॉलिसी स्वस्त असते, पण प्रत्येक बाबीला ठरलेली छोटी रक्कमच देते. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' पॉलिसी महाग, पण मोठ्या बिलात कामाला येते. घेताना कंपनीला सरळ विचारा, जनावर चावल्यावरची लस आणि इमर्जन्सी रूम यात बसते का? उत्तर लेखी घ्या. विमा नसेल किंवा तोकडा असेल, तर ना-नफा इस्पितळांकडे आर्थिक साहाय्याचे धोरण असावेच लागते. त्याचा अर्ज मागायला लाजू नका. लस बनवणाऱ्या कंपन्यांच्याही मदत-योजना असतात. पैशासाठी लस पुढे ढकलू नका.

कुत्र्याच्या मालकाचा विमा: बहुतेक होमओनर्स पॉलिसीत 'मेडिकल पेमेंट्स टू अदर्स' अशी छोटी तरतूद असते, साधारण १,००० ते ५,००० डॉलरची. चूक कोणाची हे न बघता त्यातून जखमी माणसाचे बिल भरता येते. भाडेकरूंच्या पॉलिसीतही ती बहुधा असते. आमच्या सासूबाईंच्या पॉलिसीला २५० डॉलर डिडक्टिबल होते. त्या गृहस्थांनी स्वतःहून आपल्या कंपनीला कळवले आणि अर्जंट केअरचे आमचे पैसे त्यातून मिळाले. अ‍ॅनिमल कंट्रोलच्या नोंदीचा क्रमांक होता म्हणून कोणी वाद घातला नाही.

तुमच्या घरी कुत्रा असेल तर: विमा कंपनीला तो आहे हे सांगून ठेवा. काही कंपन्या ठराविक जातींचे कुत्रे वगळतात आणि लपवलेली गोष्ट दाव्याच्या वेळी बाहेर येते. इन्शुरन्स इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये देशात कुत्र्यांमुळे झालेल्या इजांचे २२,६५८ दावे झाले आणि एका दाव्याची सरासरी रक्कम ६९,२७२ डॉलर होती. जबाबदारीची मर्यादा एक लाख डॉलर असेल तर ती तीन लाखांवर नेण्याचा हप्ता विचारून बघा. बहुधा तो फार वाढत नाही.

आणखी एक स्थानिक गोष्ट. नॉर्थ कॅरोलायनात नुकसानभरपाईचा नियम फार कडक आहे. निष्काळजीपणाच्या दाव्यात जखमी माणसाचा स्वतःचा थोडा जरी हलगर्जीपणा दिसला तरी त्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो. अनोळखी कुत्र्याला बिस्किटे घालणे त्यात मोडेल का, हे वकीलच सांगेल. आपण न घालणे उत्तम.

भारतात जाताना

सुटीत पुण्या-कोल्हापुराला गेलेली आपली मुले रस्त्यावरच्या पिल्लांना हमखास हात लावतात. इथले कुत्रे लस घेतलेले असतात, तिथले असतीलच असे नाही. लांब मुक्काम असेल तर आधी डॉक्टरांना प्रतिबंधक लशीबद्दल विचारा. २०२२ पासून ती दोन डोसांची आहे. तिथे चावा झाला तर इथे परत येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी जखम धुऊन लस सुरू करा. इम्यून ग्लोब्युलिन किंवा त्याच्या जागी वापरायचे मोनोक्लोनल अँटिबॉडीचे औषध आहे का ते विचारा. असे एक औषध पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटनेच तयार केले आहे. लशीचे नाव आणि तारखा लिहिलेला कागद घेऊन या, उरलेले डोस इथे घेता येतात.

तिकडून कुत्रा आणायचा विचार असेल तर सावध. १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचे नियम बदलले आहेत. कुत्रा निदान सहा महिन्यांचा हवा, मायक्रोचिप हवी, फॉर्म भरलेला हवा. भारत जास्त जोखमीच्या देशांत मोडतो, म्हणून तिथे लस दिलेल्या कुत्र्याला रक्ततपासणी किंवा क्वारंटाइन, नोंदणीकृत केंद्रात आधी आरक्षण आणि ठराविकच विमानतळ, अशा अटी आहेत. रॅले-डरहॅम त्यात नाही. इथला कुत्रा तिकडे नेऊन परत आणायचा असेल तर लशीचा अमेरिकन दाखला निघण्यापूर्वीच करून घ्या. तिकीट काढण्याआधी सीडीसीचे ताजे नियम बघा.

थोडक्यात

• चावा किंवा ओरखडा: साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. हळद-चुना नको.
• त्याच दिवशी डॉक्टर. धनुर्वाताचे इंजेक्शन केव्हा घेतले ते सांगा.
• त्याच दिवशी अ‍ॅनिमल कंट्रोल. जिवाला धोका असेल तर ९११.
• कुत्र्याचे वर्णन, जागा, वेळ लिहून ठेवा. जमले तर दुरून फोटो. स्वतः पकडायला जाऊ नका.
• नोंदीचा क्रमांक आणि सगळी बिले एका पाकिटात ठेवा.
• आपल्या कुत्र्याची लस वेळेवर द्या. घर किंवा फोन बदलला की मायक्रोचिपवरची नोंदही बदला.
• रस्त्यावर दिसलेला अनोळखी कुत्रा भुकेला वाटला तर बिस्किटाऐवजी फोन करा. त्यात त्याचेही भले आहे.

सासूबाई डिसेंबरमध्ये मिरजेला परत गेल्या. परवा फोनवर सांगत होत्या, गल्लीतल्या मुलांना गोळा करून त्यांनी बजावले आहे: "कुत्रं चावलं तर आईबापाला सांगायची भीती वाटत असेल, तर मला येऊन सांगा. मी नेते दवाखान्यात." दोन मुले आतापर्यंत येऊन गेली. एकाला नुसतेच खरचटले होते. दुसऱ्याला त्या स्वतः रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या आणि त्याचे सगळे डोस पुरे होईपर्यंत दर वेळी बरोबर गेल्या.